संवादांवर बीपचा बोळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

व्हिडिओ गेममधल्या पात्रांच्या तोंडचे अपशब्द सरसकट गाळावेत, असं पालक म्हणतात आणि एक अक्षरही कापू नका, असा हट्ट खेळणारे धरतात. दोन्हीकडे एक घोळ आहे. रागाच्या भरात निघालेली शिवी वेगळी आणि कुणाला त्याच्या वंशावरून, जातीवरून किंवा लैंगिकतेवरून हिणवणारा शब्द वेगळा. पहिली काढली तर संवाद जरा मिळमिळीत होतो, एवढंच. दुसरा काढला तर कधी काहीच बिघडत नाही आणि कधी कथेचा कणाच मोडतो.

कणा कसा मोडतो ते 'माफिया ३' (२०१६) या खेळात दिसतं. काळ १९६८चा, शहर न्यू ऑर्लिन्सवर बेतलेलं, नायक लिंकन क्ले हा व्हिएतनामहून परतलेला मिश्रवंशीय तरुण. गोऱ्यांसाठी राखीव दुकानात त्याने पाऊल टाकलं की मालक हुसकावतो आणि तो हलला नाही तर पोलिसांना बोलावतो. श्रीमंत गोऱ्या वस्तीत गुन्ह्याची वर्दी गेली की पोलीस लगेच हजर, कृष्णवर्णीयांच्या गरीब वस्तीत मात्र रमतगमत. वंशभेद इथे नुसत्या संवादात नाही, खेळाच्या नियमांतच आहे. संवादातल्या हिणवणाऱ्या शब्दांवर बीप, म्हणजे शब्द झाकणारा 'टूं' आवाज, बसवला तर नियम उरतात आणि त्यांचं कारण हरवतं; पोलीस उगाचच मागे लागलेत असं वाटू लागतं. हा भाग वगळणं हेच वंशद्वेष सोसलेल्यांसाठी अपमानकारक ठरलं असतं, असं निर्मात्यांनी खेळाच्या सुरुवातीलाच लिहून दाखवलं आहे. मला ते पटतं.

नको तिथे कात्री लागली की काय होतं, याचा नमुना म्हणजे २०१७च्या 'वुल्फेनस्टाइन २'ची जर्मन आवृत्ती. तिथे स्वस्तिकं गेली, हिटलरची मिशी गेली आणि त्याचं नावही 'हायलर' झालं. नाझींविरुद्ध लढायच्या खेळात नाझीच ओळखू येईनात! ऑगस्ट २०१८मध्ये तिथल्या खेळांचे वयोगट ठरवणाऱ्या संस्थेने नाझी चिन्हं सरसकट नाकारण्याचं धोरण बदललं आणि प्रत्येक खेळाचा संदर्भ तपासून निर्णय घ्यायला सुरुवात केली. २०१९चा त्याच मालिकेतला पुढचा खेळ जर्मनीत न कापता विकता आला.

बीप वाईटच असतो असंही नाही. 'ब्रूटल लेजंड' (२००९) या विनोदी खेळात शिवी येण्याच्या बेताला खेळ थांबतो आणि शिव्या ऐकायच्या की त्यावर बीप हवा, ते विचारतो. तिथे बीप हाच विनोद आहे. 'डिस्को एलिझियम'मध्ये मात्र क्यूनो नावाचं बारा वर्षांचं पोर सगळ्या शिव्या बिनधास्त हासडतं आणि समलिंगी पुरुषांना हिणवणारा एकच शब्द पडद्यावर तारांकित होतो. बाकीचं इतकं मोकळं असताना तेवढ्या एका शब्दापाशी पात्र मागे सरतं आणि लेखकाचा हात दिसतो.

आता तांत्रिक भाग. गंभीर खेळात बीप खटकतो, त्याला कारण आहे. खेळातला आवाज पात्राच्या जागेवरून येतो. अंतर वाढलं की क्षीण होतो, चर्चमध्ये शिरलं की घुमतो. १००० हर्ट्झचा बीप संवादाच्या फाइलमध्येच मिसळला तर तोही त्या माणसाच्या तोंडून, चर्चच्या घुमाऱ्यासकट बाहेर पडतो. वेगळा वाजवला तर हेडफोनच्या मधोमध ठणकतो, जणू खेळाशी त्याचा संबंधच नाही. नुसती शांतता ठेवली तर वाक्याला भोक पडतं; कापलेल्या कडांना पाच-दहा मिलिसेकंदांचा उतार दिला नाही तर 'टक्' ऐकू येतं आणि पहिलं व्यंजन शिल्लक राहिलं तर शब्द ओळखू येतोच. शिवाय ओठ हलतच राहतात, कारण चेहऱ्याची हालचाल मूळ फाइलवरून बेतलेली असते. सबटायटलचा तक्ता वेगळा असल्याने तिथे तारे आणि कानात पूर्ण शब्द, असाही गोंधळ होतो.

यावरचा उपाय लेखनाच्या टेबलावरच करावा लागतो. संवादांच्या तक्त्यात प्रत्येक ओळीला क्रमांक असतोच. त्याशेजारी 'शिवी' आणि 'हिणवणारा शब्द' असे दोन वेगळे रकाने ठेवावेत. दुसऱ्या रकान्यात खूण असलेल्या ओळीला पर्यायी ओळ लिहावी. शब्द बदलून चालत नाही, वाक्यच नव्याने लिहावं लागतं. हिणवणारा शब्द न वापरताही अपमान दाखवता येतो: अमेरिकेच्या दक्षिणेत प्रौढ कृष्णवर्णीय माणसाला 'बॉय' (पोरा) म्हणून हाक मारणं एवढ्यानेच अपमान पुरा होत असे. दोन्ही ओळींची सबटायटलं आणि ओठांची हालचाल स्वतंत्र बनवावी आणि सेटिंगमध्ये शिव्यांसाठी एक व हिणवणाऱ्या शब्दांसाठी दुसरं, अशी दोन बटणं द्यावीत.

खरी कात्री हवी ती रस्त्यावरच्या फुटकळ आरोळ्यांना. गर्दीतली पात्रं दहा-वीस ओळींच्या साठ्यातून कुठलीही ओळ उचलून बोलतात. प्रसंगात एकदा आलेला शब्द झोंबतो. तोच वाटेत वीस वेळा कानावर पडला की एक तर बोथट होतो, नाही तर ज्याला तो प्रत्यक्ष आयुष्यात ऐकावा लागतो त्याने खेळ बंद करावा अशी पाळी येते. असे शब्द आरोळ्यांतून काढावेत, प्रसंगांत ठेवावेत.

ऑनलाइन खेळणाऱ्या खऱ्या खेळाडूंच्या आपसातल्या गप्पांना यातलं काही लागू नाही. तिथे पात्र नसतं, माणूस माणसाला हिणवत असतो, त्यामुळे गाळणी हवीच. मात्र अक्षरांचा तुकडा शोधणारी आंधळी गाळणी नको. रोमन लिपीत लिहिलेल्या 'शितोळे', 'शीतल', 'हर्षित' या नावांत तिला इंग्रजी शिवी सापडते आणि बिचाऱ्याला स्वतःचं नाव घेता येत नाही. पूर्ण शब्द जुळवणं आणि चालणाऱ्या नावांची यादी ठेवणं, एवढं तरी करावंच. पालकांनी वेष्टनावरचं 'पेगी' या युरोपीय वयोगट-मानांकनाचं चिन्ह पाहावं; भेदभावाची खूण असलेला खेळ तिथे फक्त १८ वर्षांवरील वयोगटातच मोडतो.

हे सगळं मराठीत लिहिण्याचं कारण असं की, २०२०चा 'राजी' पुण्यातल्या स्टुडिओने केला, म्हणजे असे खेळ इथेही बनताहेत. उद्या कुणी १९२७च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहावर खेळ काढला तर जातिवाचक शिव्यांचा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहील. १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याची बाजू वकिलाकडून आधी तपासून घ्यावी. पण तिथे शब्दांवाचून फारसं अडणारही नाही. वयस्क माणसाला पोरसवद्याने केलेलं 'अरे-तुरे', ओंजळीत उंचावरून ओतलेलं पाणी, सत्याग्रहानंतर शेण-गोमूत्राने 'शुद्ध' करून घेतलेलं तळं, हे खेळाच्या नियमांत बसवता येतं. जे शब्द ठेवायचे त्यांच्या पर्यायी ओळी त्याच नटाकडून, त्याच दिवशी, त्याच माइकवर मुद्रित कराव्यात. सहा महिन्यांनी त्याला एका ओळीसाठी परत बोलावलं तर आवाजाचा पोत जुळत नाही आणि तो सांधा हेडफोन लावलेल्याला हमखास ऐकू येतो.

आपला,
खेळांच्या संवाद-मुद्रणात काम करणारा एक वाचक, पुणे