"उद्यापासून येऊ नको" म्हणजे काढणं नव्हे

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

मी कुपवाड एमआयडीसीतल्या बारक्या वर्कशॉपचे पगार, पीएफ बघतो, त्यामुळं माणसांना कसं काढतात ते जवळून दिसतं आणि ते बघवत नाही म्हणून लिहितोय.

परवा एका ठिकाणी लेथवरचा जुना ऑपरेटर डबा घेऊन गेटवर आला तर वॉचमन म्हणाला, मालकांनी आत सोडू नको सांगितलंय. बास, एवढंच. आठ वर्षांची नोकरी. दुपारपर्यंत त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरत होता, याला कुणी कामावर घेऊ नये म्हणून. त्याची पोरंही मोबाईल बघतात हो.

माणूस त्रासदायक होता हे खरं आहे. सोमवारचा खाडा ठरलेला, सोबतच्या कामगारांशी भांडणं, उचल घ्यायची आणि बनवलेला जॉब (पार्ट) रिजेक्ट झाला की ड्रॉइंगच चुकीचं म्हणायचं. असा एक जण असला की शिफ्टमधली चांगली माणसं सोडून जातात, मालकांचा जीव मेटाकुटीला येतो, हे मी बघितलंय. काढूच नका असं म्हणणं नाहीच माझं. पण वर्षभर तोंडी शिव्या आणि कागदावर एक ओळ नाही, मस्टरला (हजेरीपटाला) खाडेसुद्धा रजा म्हणून लावलेले, मग उद्या लेबर कोर्टात दाखवणार काय? चौकशी न करता काढलं तर कोर्ट मागच्या पगारासकट परत कामावर घ्यायला लावू शकतं, तेव्हा डोक्याला हात लावून उपयोग नाही.

गैरवर्तन असेल तर आधी लेखी मेमो, मग आरोपपत्र, त्याला त्याचं म्हणणं मांडायची संधी, आणि मग निर्णय. काम कमी झालं म्हणून काढायचं असेल तर ती वेगळी गोष्ट, तिथं वर्षभर काम केलेल्याला महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि नोकरीच्या दर वर्षाला १५ दिवसांच्या पगाराएवढी भरपाई लागते. आपल्याकडं ह्या दोन्हीची खिचडी करतात, आणि काही जण तर भरती करतानाच कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवतात, नंतर त्यावर राजीनामा टाईप करायचा. ही सरळ फसवणूक आहे.

आणि हिशोब! काढलं तरी राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यावा लागतो. पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना सेवेच्या वर्षांप्रमाणे मिळणारी रक्कम, ती काढून टाकलं म्हणून आपोआप बुडत नाही. बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून महिन्याला १५,६०० असेल तर कामाच्या २६ दिवसांनी भागून रोजचे ६००, एका वर्षाचे १५ दिवस धरून ९,०००, आठ वर्षांचे ७२,०००. एवढे पैसे त्याच्या हक्काचे आहेत, तो कितीही भांडकुदळ असो. पीएफला नोकरी सोडल्याची तारीख टाकायला दोन मिनिटं लागतात, तीसुद्धा राग म्हणून अडवतात.

माझी विनंती आहे की इथल्या उद्योजकांच्या संघटनांनी मेमो, आरोपपत्र आणि हिशोबाचे सोप्या मराठीतले नमुने छापून प्रत्येक युनिटला द्यावेत, आणि कामगार कार्यालयाच्या अधिकाऱ्यांना बोलवून सुपरवायझर लोकांना समोर बसवून समजावून सांगावं, कारण गेटवर माणूस अडवायला लावणारे बहुतेक वेळा तेच असतात.

– एक वाचक, कुपवाड (जि. सांगली)