पत्रे 35 फुटांचे, पण रात्री बघतंय कोण?

महोदय,
थंडी पडली की मुंबईची हवा बिघडते, मग पालिकेची पथकं, नोटिसा, फोटो सगळं सुरू होतं, हे आता दरवर्षीचंच झालंय. ऑक्टोबर 2023 मध्ये पालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली, ती कागदावर चांगलीच आहे. एक एकरापेक्षा मोठा प्लॉट असेल तर भोवती 35 फूट उंच पत्रे, इमारतीला हिरवं कापड, पाण्याचे फवारे, गेटवर ट्रकची चाकं धुवायची सोय, राडारोड्याच्या गाडीवर ताडपत्री. आमच्या घरामागच्या साइटवर पत्रे आहेत, चाकं धुवायचा खड्डाही आहे, फक्त त्यात पाण्याऐवजी सुकलेला चिखल आहे, आणि डंपर निघतात मध्यरात्रीनंतर, तेव्हा कुठलं पथक येणार? सकाळी खिडकीच्या ग्रिलवर बोट फिरवलं की सिमेंटचा थर.

डिसेंबर 2024 च्या शेवटी भायखळा आणि बोरिवली पूर्व इथली बांधकामं थांबवली तेव्हा वाटलं, चला, मनात आणलं तर जमतं की! पण अख्ख्या भागाचं काम बंद केलं की नियम पाळणाराही त्यात भरडला जातो (रोजंदारीवरच्या मजुराचा विषय तर कोणी काढतच नाही). त्यापेक्षा जी साइट नियम मोडते तिचंच काम थांबवा, रात्री तपासणी करा, आणि कुठल्या साइटला कधी नोटीस दिली, पुढे काय झालं ते वॉर्डाप्रमाणे वेबसाइटवर टाका, गेटवर पण बोर्ड लावा.

– एक वाचक, मुंबई