मुनबांगूवाल्या सॉन्सेंग्निमना, लाल पेन्सिलीबद्दल

सॉन्सेंग्निम,

आभाराचं एक पत्र मी तुम्हाला आधीच दिलं आहे. कोरियनमध्ये, चौकटींच्या चार पानांवर, चांगल्या अक्षरात. तुम्ही ते माझ्यासमोरच उघडलंत, चष्मा कपाळावरून नाकावर आणलात आणि वाचता वाचता डावा हात खणात घातलात. मला कळलंच आता काय निघणार ते. दुसऱ्या पानावर दोन ठिकाणी खूण झाली आणि तिसऱ्या पानावरचं एक वाक्य अख्खं आडवं खोडलं गेलं. वाक्य असं होतं: तुम्ही नसतात तर मला ही परीक्षा जमलीच नसती. खोडून म्हणालात, "चौथी पायरी तू माझ्याकडे यायच्या आधीच चढली होतीस. मग हे खोटं झालं."

म्हणून हे दुसरं पत्र मराठीत. इथवर तुमची पेन्सिल पोचत नाही.

आमची माणसंही हे वाचणार, तर त्यांच्यासाठी थोडं सांगते. सॉन्सेंग्निम म्हणजे गुरुजी. टोपिक ही परदेशी माणसाला कोरियन किती येतं ते मोजणारी कोरियातली सरकारी परीक्षा, 1997 पासून चालू असलेली. एकूण सहा पायऱ्या. पहिल्या दोन पायऱ्यांचा पेपर वेगळा आणि तिसरीपासून सहावीपर्यंतचा वेगळा. हा दुसरा पेपर 300 गुणांचा असतो: 120 ला तिसरी पायरी, 150 ला चौथी, 190 ला पाचवी, 230 ला सहावी. ऐकणं आणि वाचणं यांत चार पर्यायांतला एक गोल काळा करायचा, म्हणजे अगदीच अडलं तर देवाचं नाव घेता येतं. लेखनात ती सोय नाही. 50 मिनिटांत चार प्रश्न सोडवायचे. त्यातल्या शेवटच्या 54 नंबरच्या एकट्याला 50 गुण, आणि तो म्हणजे 600 ते 700 अक्षरांचा निबंध. अक्षरं मोजायची भानगड नको म्हणून तो चौकटींच्या कागदावर लिहायचा, एका चौकटीत एक अक्षर. त्या कागदाला म्हणतात वॉन्गोजी.

एप्रिलमध्ये मला मिळाले ऐकण्यात 72, वाचनात 70 आणि लेखनात 28. बेरीज 170.

हे 28 माझ्या चांगले जिव्हारी लागले, कारण तोवर मला सगळे शाबासकीच देत आले होते. तुमच्या देशात परदेशी माणसानं नुसतं 'आन्न्यॉङहासेयो' म्हटलं तरी समोरचा म्हणतो, काय सुंदर कोरियन बोलता हो! बसमध्ये, फळवाल्याकडे, बँकेत, सगळीकडे तेच. ज्या क्लासला मी चार महिने पैसे भरले तिथेही निबंधाच्या खाली हसरा चेहरा काढून मिळायचा. दहा हसरे चेहरे आणि 28 गुण.

तुमच्या दुकानात आले ती फक्त कागद घ्यायला. शाळेसमोरचं मुनबांगू, म्हणजे आमच्याकडे शाळेबाहेर वह्या, खोडरबर आणि गोळ्या-बिस्किटं विकणारं दुकान असतं तसंच. देजॉन शहरात मी पाच वर्षं आहे आणि तेवढ्यात इथल्या युसॉन्ग भागातली अशी दोन दुकानं बंद झालेली पाहिली. वॉन्गोजी मागितल्यावर तुम्ही आधी मला नीट बघून घेतलंत. मग बासऱ्यांच्या खोक्यांखालून कडा पिवळ्या पडलेला एक गठ्ठा ओढून काढलात आणि विचारलंत, "हाक्सेंग, हे आता कोण वापरतं?" एकतीस वर्षांच्या, पीएचडी करणाऱ्या बाईला 'हाक्सेंग', म्हणजे विद्यार्थी! मी परीक्षेचं सांगितलं. तुम्ही म्हणालात, लिहून झालं की आण, बघतो. हा आजोशी, म्हणजे काका, बघणार म्हणजे काय बघणार, असं मला वाटलं होतं. तुम्ही तरुणपणी देजॉन स्टेशनजवळच्या छापखान्यांच्या गल्लीत प्रूफं तपासायचात, हे मला तिसऱ्या भेटीत कळलं. तोवर माझी पानं लालेलाल झाली होती.

चुंगचॉन्ग, म्हणजे देजॉनच्या आजूबाजूचा प्रदेश, तिथली माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत असं सगळा कोरिया म्हणतो. 'ग्वेन्चानायू' म्हणजे 'ठीक आहे हो', आणि ते कितपत लांबवून म्हटलं यावरून ठीक आहे की नाही ते आपलं आपण ओळखायचं. तुम्ही पक्के चुंगचॉन्गचे. एकदाही मला 'चूक' म्हणाला नाहीत. तोंडानं 'ग्वेन्चानायू' चालू आणि हातानं उभ्याआडव्या रेघा. लवकरच मी तुमच्या तोंडाकडे बघणं सोडून दिलं.

सगळ्यात जास्त लाल झालं ते शब्दांमधल्या मोकळ्या जागांनी. आम्ही मराठी माणसं 'झाडावर' एका दमात लिहितो. कोरियनमध्येही प्रत्यय शब्दाला चिकटतो, म्हणून मी खुशाल 'नामुविए' असं जोडून लिहायचे. तुम्ही प्रत्येक वेळी मध्ये व्हीसारखी छोटी खूण करायचात: नामु, जागा, विए. का, ते कळायला मला आठवडा लागला. तुमचा 'वर' हा प्रत्यय नाहीच, ते स्वतंत्र नाम आहे: 'झाडाची वरची बाजू'. प्रत्यय आहे तो फक्त शेवटचा 'ए'. मग तुम्ही मला तुमच्याकडचं प्रत्येक पोर ऐकतं ते वाक्य लिहून दिलंत, 'आबॉजीगा बांगए दुरॉगाशिन्दा', बाबा खोलीत जातात. एवढासा 'गा' उचलून पुढच्या शब्दाला लावला की होतं 'आबॉजी गाबांगए', आणि बाबा बॅगेत जातात. मी हसले. तुम्ही हसला नाहीत, म्हणालात, "तुझ्या निबंधात आतापर्यंत चार जण बॅगेत गेलेत."

वॉन्गोजीचेही हट्ट आहेत. परिच्छेद सुरू करताना पहिली चौकट रिकामी सोडायची. आकडे मात्र एका चौकटीत दोन. ओळ संपते तिथेच मोकळी जागा आली तर ती पुढच्या ओळीवर न्यायची नाही, नाहीतर वाचणाऱ्याला नवा परिच्छेद वाटतो. हे कुठल्याही गाईडमध्ये मिळतं, म्हणा. पण गाईड हातातून कागद ओढून घेत नाही.

आणि ते क्रियापदाचं शेपूट. कोरियात आल्यापासून मी एकच शिकले होते: प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'यो' लाव, म्हणजे कुणाचा अपमान होत नाही. निबंधातही लावलं. तुम्ही विचारलंत, "हे कुणाशी बोलतेयस? पेपर तपासणारी तुझी मावशी आहे का?" निबंधात समोर कुणी नसतं, तिथे नुसतं 'दा'. तू नाही, तुम्ही नाही, आपण नाही. पहिले काही दिवस तसं लिहिताना मला पाहुण्यांसमोर पाय पसरून बसल्यासारखं वाटायचं. पुढे हात इतका बसला की एकदा तुमच्याच दुकानात मी बोलून गेले, "पोट भुकेलं आहे-दा." तुम्ही शांतपणे म्हणालात, "नोंद घेतली."

माझा लाडका पहिला परिच्छेदही तुम्हीच मारलात. क्लासमध्ये एक साचा पाठ करून घेतला होता, सुरुवात 'ह्यॉन्दे साह्वेएसॉ', म्हणजे 'आधुनिक समाजात'. विषय पर्यावरण असो की मैत्री, आधुनिक समाज आधी हजर. आमच्याकडे शाळेत 'आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे' असतं, त्याची ही सख्खी बहीण. तुम्ही ते तीन निबंधांत तीनदा खोडलंत आणि तिसऱ्यांदा विचारलंत, "समाज आधुनिक नसता, तर तुला काय म्हणायचं होतं?"

ऑगस्टमधला तो दिवस होता. बाहेर अंगाची काहिली होत होती, लॅबमध्ये माझा प्रयोग फसला होता आणि त्यात हा प्रश्न. मी कागद काउंटरवर टाकला, 'ग्वेन्चानायू' म्हटलं, तुमच्यापेक्षाही लांबवून, आणि निघून आले. दोन आठवडे फिरकले नाही. सायकलसुद्धा दुसऱ्या रस्त्यानं न्यायचे.

परत आले तेव्हा तुम्ही काहीच बोलला नाहीत. काउंटरच्या काचेखालून एक पान काढून पुढे सरकवलंत. माझाच निबंध होता, तुमच्या अक्षरात, पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत जसाच्या तसा उतरवलेला. लाल खूण एकही नाही. म्हणालात, "सॉ ब्वात्ता. तिसऱ्या ओळीत दम लागतो."

सॉ ब्वात्ता. लिहून बघितलं.

या दोन शब्दांवरून मग काय काय निघालं! मी तुम्हाला सांगितलं की हे आमच्याकडे अगदी असंच आहे: लिहून बघणे, खाऊन बघणे, जाऊन बघणे. डोळ्यांनी बघायचं काही नसतं, तरी बघायचं. माझी हिंदी-इंग्रजी बोलणारी लॅबमधली मैत्रीण 'ब्वात्ता' म्हणजे 'ट्राय' असं वहीत लिहून पाठ करते. मला पाठ करावंच लागलं नव्हतं, आणि तोवर ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. तुम्ही कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून यादी सुरू केलीत. 'हे जुदा', करून देणे. 'सॉ नोता', लिहून ठेवणे. 'मॉगॉ बॉरिदा', खाऊन टाकणे. इथे तुम्ही थांबलात, कारण 'बॉरिदा' म्हणजे खरंच टाकणे, फेकणे, आणि सातारा जिल्ह्यातल्या लोकांनाही संपवण्यासाठी तेच क्रियापद सुचावं हे तुम्हाला पटेना. मला दोनदा शपथेवर विचारलंत. पुढच्या शनिवारी मी सॉन्गशिमदांग बेकरीतले सोबोरो, म्हणजे गोड पाव, घेऊन आले तेव्हा यादीत 'प्पांग'ही चढला. पोर्तुगिजांचा पाव आमच्याकडे पावच राहिला, आणि तोच जपानमार्गे तुमच्याकडे येऊन प्पांग झाला. पैसे तुम्ही कधीच घेतले नाहीत, पण पाव घ्यायचात.

त्या यादीनंतर माझं लेखन सुधारलं असं म्हणायचा मोह होतो, पण तुम्ही तेही खोडाल. सुधारलं ते हळूहळू, पिवळ्या कडांच्या त्या सगळ्या गठ्ठ्यावर.

नोव्हेंबरच्या परीक्षेआधी तुम्ही मला यॉत दिलात. आमच्या लोकांनी हा पदार्थ मनात आणायचा तर धान्याची चिकी, पण दाताला धरून बसणारी. चिकटणे आणि पास होणे या दोन्हींना तुमच्याकडे एकच शब्द, 'बुत्ता', म्हणून परीक्षेआधी यॉत खायचा. समुद्री शेवाळाचं सूप त्या आठवड्यात प्यायचं नाही, घसरायला होतं. आमच्याकडे हातावर दही-साखर ठेवतात, चिकटण्याची अट नाही. लॅबमध्ये जाऊन मी कौतुकानं सांगितलं की दुकानातल्या आजोबांनी मला यॉत खा म्हटलं, तर सगळे टेबलावर डोकं ठेवून हसले. ती शिवी आहे, हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं.

पण त्यासोबत तुम्ही 1964 ची गोष्ट सांगितलीत ती मी कितीदा तरी पुढे सांगितली आहे. सोलच्या माध्यमिक शाळांच्या प्रवेशपरीक्षेत प्रश्न आला, यॉत करताना माल्टऐवजी काय घालता येईल? उत्तर ठरलं होतं डायास्टेज, म्हणजे पिष्टाची साखर करणारं द्रव्य. मुळ्याचा रस हाही एक पर्याय होता आणि तो निवडणाऱ्या पोरांचे गुण गेले. तेव्हा त्यांच्या आयांनी मुळ्याच्या रसात खरोखरच यॉत शिजवला आणि भांडी घेऊन अधिकाऱ्यांसमोर उभ्या राहिल्या. पुढच्या वर्षी पोरं कोर्टात जिंकली. "तेव्हापासून उत्तरसूचीवर माझा भरवसा नाही," म्हणालात. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी हे ऐकवायचं!

रविवारी दुपारी 1 ला पेपर सुरू झाला. ऐकण्याच्या पहिल्या 20 प्रश्नांना आवाज एकदाच लावतात, त्यातले दोन माझे हुकले. लेखनाला त्यांनीच दिलेलं पेन, एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक. 54 चा पहिला परिच्छेद लिहिताना 'ह्यॉन्दे' हाताशी आलं होतं. लिहिलं नाही. एक चौकट सोडली आणि जे म्हणायचं होतं तेच लिहिलं. वेळ संपली तेव्हा 640 अक्षरांच्या आसपास पोचले होते.

लेखनात 56. ऐकण्यात 80, वाचनात 76, एकूण 212, पाचवी पायरी. मोबाईलवरचा निकाल दाखवायला मी पळत आले आणि तुम्ही गुणांकडे ओझरतं बघून म्हणालात, "54 ला काय लिहिलंस? आठवतंय तेवढं लिहून दाखव." काउंटरवर उभ्यानं मी लिहिलं. तुम्ही वाचलंत. पेन्सिल हातात होती, एका ठिकाणी टेकलीत आणि उचललीत. तिथे जागा सोडायला हवी होती की नको, हे मी त्या रात्री शब्दकोशात शोधलं. दोन्ही चालतं.

आता ही परीक्षा संगणकावरही देता येते. तिथे चौकटी नाहीत, टाइप करायचं. मैत्रीण म्हणते तीच दे, हात दुखत नाही. मी जुलैत कागदावरच देणार आहे. सहावीला अजून 18 हवेत.

शनिवारी येते. गठ्ठा संपलाय, नवीन मागवला असेल तर दोन बाजूला ठेवा.

तुमची,
हाक्सेंग