सूचना : रविवारच्या वाचनासाठी

सभासदहो, येत्या रविवारी सकाळी १० वाजता आपण स्कॉटिश कवी रॉबर्ट फर्ग्युसनच्या कविता वाचणार आहोत. प्रती सोबत आणाव्यात. स्कॉट्स बोलीतले शब्द अडतात, म्हणून घरी एकदा मोठ्याने वाचून या. कानाला पुष्कळ कळतं.

एडिंबरोच्या गल्लीबोळांचा हा कवी १७७४ मध्ये, अवघ्या २४ व्या वर्षी, तिथल्या वेड्यांच्या कोठडीत सुट्या गवताच्या अंथरुणावर वारला. त्याच्यावर उपचार करणारे डॉ. अँड्र्यू डंकन यांना ते हाल विसरता आले नाहीत. मनोरुग्णांना माणुसकीने वागवणारं रुग्णालय हवं, म्हणून ते अनेक वर्षं झटले. १८१३ मध्ये ते सुरू झालं. एडिंबरोच्या कॅननगेट भागातल्या फर्ग्युसनच्या कबरीवर साधा दगडही नव्हता. तो कवी रॉबर्ट बर्न्सने स्वखर्चाने बसवला.

वेळ उरल्यास बर्न्सची दातदुखीवरची कविता घेऊ.