टायपिंगवाल्या काकांना, सातबाऱ्याच्या आभारासह

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

तुमच्याकडे व्हॉट्सअॅप नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. तुमची नात वाचून दाखवेलच.

सांगोल्याच्या कचेरीबाहेर तुमच्या टेबलाशी मी आले ती फक्त एक कागद इंग्रजीत करून घ्यायला. अमेरिकेच्या कॉलेजांचा, आर्थिक मदत मागायचा सीएसएस प्रोफाइल नावाचा फॉर्म होता, आणि त्यांना बाबांचं इन्कम टॅक्स रिटर्न हवं होतं. आता डाळिंबवाल्याकडे कुठलं रिटर्न? शेतीचं उत्पन्न आयकर कायद्याप्रमाणे करमुक्त, त्यामुळे बाबांनी ते कधी भरलंच नव्हतं. पुण्यातल्या एका सल्लागाराने तर फी घेऊन सांगितलं होतं, ‘जमीन दाखवूच नका.’

तुम्ही चष्मा वर केला आणि म्हणालात, "दाखवायची. पण नीट दाखवायची."

मग सातबारा उलगडलात. 1 हेक्टर 72 आर. तिकडच्या माणसाला वाटलं असतं, बरी इस्टेट आहे! पण भोगवटादाराच्या रकान्यात तीन भावांची नावं सामाईक, म्हणजे बाबांच्या वाट्याला दीड एकरही नाही. इतर अधिकारात सोसायटीच्या कर्जाचा बोजा. मी ‘बोजा’चं भाषांतर ‘लोड’ केलं होतं. तुम्ही हसलात, खोडलंत आणि ‘एन्कम्ब्रन्स’ टाईप केलंत. स्पेलिंग डिक्शनरीत दोनदा पाहून. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र केलंत, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जोडलात, आणि रिटर्न का नाही ते चार ओळींत वेगळं लिहिलंत. पाऊस नव्हता त्या वर्षाच्या उत्पन्नापुढे मी नुसता शून्य टाकला होता. "शून्य का, ते लिही. नुसत्या शून्यावर कोण विश्वास ठेवेल?"

इथे अमेरिकेत आल्यावर कळलं, तो कागद किती मोलाचा होता. परदेशी विद्यार्थ्याला अमेरिकी सरकारची शिक्षण-मदत नसते. जे मिळतं ते बहुतेक कॉलेजच्याच तिजोरीतून. हार्वर्ड, येल, एमआयटी अशी मोजकी सोडली तर बाकीची बहुतेक कॉलेजं प्रवेश देतानाच बघतात, हिच्यावर किती खर्च करावा लागेल. माझ्या कॉलेजने फी आणि राहण्या-जेवणाचा बहुतेक खर्च उचलला. मदत कचेरीतल्या बाईंनी फक्त एकच प्रश्न विचारला होता: सामाईक म्हणजे काय? उत्तर तुमच्याच कागदात होतं, पान तीनवर.

तुम्ही पैसे घेतलेत ते फक्त स्टॅम्पपेपरचे. बाबांनी दिलेली डाळिंबं मात्र घेतलीत, तीही काकू म्हणाल्या म्हणून.

आता मी लायब्ररीच्या काउंटरवर बसते. व्हिसाच्या नियमाने सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासच काम करता येतं. त्यातून हातखर्च निघतो. मदतीचा फॉर्म दर वर्षी नव्याने भरावा लागतो. यंदा बोजाचा रकाना मी स्वतः भरलाय. सोसायटीचं अर्धं कर्ज फिटलं, म्हणून आकडा बदलला. बाबांच्या हाती प्रत पाठवतेय. चुकलं असेल तर लाल पेनाने खोडा.

तुमची,
डाळिंबवाल्यांची थोरली