‘हरकत’ आपली, ‘आपत्ती’ परकी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी बार्शीला तहसील कचेरीसमोर अर्ज लिहून देतो. १९९७ सालापासून हेच काम. आधी मराठी टाइपरायटर होता, आता संगणक आणि प्रिंटर आहे. पत्र्याची टपरी मात्र तीच. वारसनोंद, फेरफार, शेतरस्त्याची तक्रार, उत्पन्नाचा दाखला, बँकेला द्यायची पत्रं असे दिवसाकाठी पंधरा-वीस कागद हाताखालून जातात. मराठीत हिंदी-इंग्रजीची भेसळ किती वाढली यावर जाणती माणसं लिहीत असतात. त्यांच्याइतका माझा अभ्यास नाही. पण त्या भेसळीचा खर्च कोण भरतं ते माझ्या टेबलासमोर रोज दिसतं, म्हणून लिहितोय.

गेल्या हिवाळ्यात पांगरीकडच्या एक मावशी आल्या. सासरे वारलेले, त्यांच्या नावे एका बँकेत ठेव. मावशींचे मालक आधीच गेलेले, त्यामुळे वारसांत दीर आणि या. दिराने पैशासाठी अर्ज केला आणि बँकेने मावशींना पत्र पाठवलं. त्यातली ओळ मला पाठ झालीय: ‘सदर ठेवीची रक्कम अर्जदारास अदा करण्यास आपणास कोणतीही आपत्ती नसल्यास तसे १५ दिवसांच्या आत लेखी कळवावे.’

मावशींनी पत्र गल्लीतल्या शाळकरी पोराकडून वाचून घेतलं होतं. आपत्ती हा शब्द त्यांना चांगला माहीत. अतिवृष्टीत सोयाबीन गेलं तेव्हा ‘नैसर्गिक आपत्ती’चे पैसे खात्यावर आले होते, तेव्हापासून तो कानावर. त्यांनी सरळ अर्थ लावला: आपत्ती आली नसेल तर तसं कळवा. आपल्यावर तर आली होती. मग तलाठ्याकडे (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात तलाठीच) चकरा मारून पंचनाम्याची नक्कल मिळवली, झेरॉक्स काढली, पत्राला टाचून बँकेत नेऊन दिली. काउंटरवरच्या मुलाने ‘हे इथे लागत नाही’ म्हणून परत केली. का लागत नाही ते सांगितलं नाही. दुसऱ्या खेपेलाही तेच. पंधरा दिवस उलटले, उत्तर नाही म्हणून प्रकरण बाजूला पडलं, आणि भावजयीनेच पैसे अडवले असं दिराच्या मनात बसलं. घरात बोलणं बंद.

माझ्यासमोर त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकचं पाकीट काढलं. पत्र चार घड्यांचं, घड्यांवर झिजून पांढरं पडलेलं. त्याखाली पंचनामा, त्यावर त्यांचा अंगठा. म्हणाल्या, “दादा, पाऊस तर सगळ्या गावानं बघितलाय की. मग ह्यान्ला पटंना कसं?”

मी पत्र दोनदा वाचलं तेव्हा ध्यानात आलं. हिंदीत ‘आपत्ति’ म्हणजे हरकत. वरच्या कचेरीत कुणीतरी हिंदी मसुदा घेतला असणार, क्रियापदं तेवढी मराठी केली असणार. बँकेला विचारायचं होतं इतकंच की दिराला पैसे द्यायला तुमची हरकत आहे का. ‘हरकत’ लिहिलं असतं तर शाळेची पायरी न चढलेल्या मावशींनी चुलीपुढे बसून उत्तर दिलं असतं. बांधाच्या भांडणापासून फेरफाराच्या नोटिशीपर्यंत हरकत घेणं, हरकत नोंदवणं, हरकत मागे घेणं हे सगळं गावाच्या तोंडचं.

मी त्यांच्याबरोबर बँकेत गेलो. शाखेचे साहेब उत्तरेकडचे, वर्षभरापूर्वी बदलून आलेले. मराठी मोडकंतोडकं, पण बोलायची तयारी. मी पंचनामा पुढे ठेवला आणि आपत्तीचा इथला अर्थ सांगितला. ते बराच वेळ त्या अंगठ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, आमच्याकडे हरकत म्हणजे वावगं वागणं, म्हणून मी तो शब्द टाळत होतो. आणखी असे शब्द कोणते, म्हणून त्यांनीच विचारलं. मी कागदावर लिहून दिले. शिक्षा: तिकडे शिक्षण, इकडे दंड. राजीनामा: तिकडे आपसातली तडजोड, इकडे नोकरी सोडणं. चेतावनी: इकडे इशारा, आणि तिकडे इशारा म्हणजे नुसती खूण. संशोधित यादी: इकडे सुधारित यादी. अदेयता प्रमाणपत्र: इकडे बेबाकी दाखला, म्हणजे काही देणं बाकी नसल्याचा. तो कागद त्यांनी टेबलाच्या काचेखाली सरकवला. छापून येणारा मसुदा बदलणं त्यांच्या हातात नव्हतं. पण त्यानंतर सही करण्याआधी ते ‘आपत्ती’वर पेनाने रेघ मारायचे आणि वर ‘हरकत’ लिहायचे. मावशींचं काम त्याच आठवड्यात झालं. दीर बोलायला लागला की नाही, ते मला ठाऊक नाही.

आता बघा, आपत्ती संस्कृत आणि हरकत अरबी. शुद्धाशुद्धाच्या हिशेबाने आपत्ती घरची आणि हरकत पाहुणी. पांगरीच्या हिशेबाने नेमकं उलट. माझ्या टेबलावरचे अर्ज, दाखला, नक्कल, वारस, मुदत, रक्कम, तक्रार, मंजूर हे सगळे अरबी-फारसीतून आले. पगार आणि चावी पोर्तुगिजांकडून आली. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले; तरी अर्ज तो अर्जच राहिला. सावरकरांनी दिलेला ‘दिनांक’ मी प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात लिहितो आणि लिहिता लिहिता समोरच्याला विचारतो, “आज तारीख किती?” दोन्ही सुखाने नांदतात.

इंग्रजीचंही तसंच. डीपी जळाला, स्टार्टर बसत नाही, ड्रिपची नळी फुटली, सोसायटीचं कर्ज थकलं, हे ज्याच्या तोंडी आहे त्याला इंग्रजीचा एक धडा येत नाही. तरी हे शब्द त्याचे झालेत, कारण ती वस्तू त्याच्या रानात आहे. माझी मुलगी पुण्यात कंपनीत आहे. “पप्पा, मीटिंग संपली की कॉल करते” म्हणाली तर मला काही वाटत नाही.

वाटतं ते वेगळ्याच ठिकाणी. मध्यंतरी ती म्हणाली, “पप्पा, माझी मदत करा ना.” मी म्हटलं, बाळा, मदत माणसाला करतात. ‘मला मदत करा.’ मग लक्ष देऊन ऐकायला लागलो तर पगार ‘भेटला’, त्याच्या‘सोबत’ लग्न केलं, मी तिला ‘बोलले’, ‘खूप सारे’ लोक होते. शब्द सगळे मराठी, चाल हिंदीची. आपल्याकडे वस्तू मिळते आणि माणूस भेटतो. लग्न कुणाशी तरी करतात. कुणाला बोलणं म्हणजे रागावणं. हे भेद आमच्या आईने कधी शिकवले नव्हते, कानांनी उचलले होते. (नागपूर-वऱ्हाडाकडे हिंदीचा शेजार पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. तिथल्या बोलीला मी बोट लावत नाही, ती तिथे शोभते.) मुलीला मी रागावलो नाही. ती दिवसभर जे ऐकते तेच बोलणार. पण ‘मला गर्व आहे’ असं तिने आजोबांच्या सत्काराचा फोटो टाकून लिहिलं तेव्हा मात्र मी फोन करून ते बदलायला लावलं. आमच्यात गर्व करणाऱ्याचं घर खाली होतं. बाप-आज्याचा अभिमान असतो.

संपादक महाशय, यात आपल्यालाही थोडं सांगायचंय. आमच्या कचेरीत खुलासा म्हणजे कर्मचाऱ्याने साहेबाला दिलेलं स्पष्टीकरण. ‘चोवीस तासांत खुलासा करावा’ असा कागद आला की तलाठ्याची झोप उडते. अलीकडे वर्तमानपत्रांत ‘धक्कादायक खुलासा’ असतो, आणि आत बघावं तर कुणीतरी लपलेली गोष्ट उघड केलेली. माझ्याकडे येणारी पोरं मराठी वाचतात ती बहुतेक तुमच्या पानांतूनच. तिथे चुकलं तर दुरुस्त कुठे करायचं?

आणि काउंटरवरचं बोलणं. वैरागचा शेतकरी खिडकीशी उभा राहतो, आतला मुलगा बार्शीचाच, आडनावावरून मला त्याचं गाव सांगता येतं. तरी मुलगा म्हणतो, “हाँ, बोलिए.” मग शेतकरी बिचारा जमेल तसं हिंदी जुळवतो, “मेरा पासबुक भरने का है.” दोघांच्या घरी मराठी, आणि मधल्या काचेमुळे दोघेही परक्या भाषेत. त्यात ‘केवायसी पेंडिंग दाखवतंय, अपडेट करून घ्या, नाहीतर होल्ड लागून जाईल’ एवढं एका दमात कानावर पडलं की माणूस मान हलवतो, बाहेर येतो आणि मला विचारतो, “काय म्हणला ओ?” विचारायला त्याला आत लाज वाटते. त्याची लाज वाटावी अशी चूक त्याच्याकडून झालेली नसते.

कायदे नाहीत असं नाही. राज्याचा राजभाषा अधिनियम १९६४ चा. ३ फेब्रुवारी २०२५ च्या शासन निर्णयाने सरकारी कार्यालयांत बोलणंही मराठीत करायचं ठरलं. बँकांनाही रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत, ग्राहकांसाठीचे फलक आणि छापील अर्ज हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत हवेत. म्हणजे नियमाप्रमाणे मावशींना पत्र मराठीतच गेलं होतं. कुणी तपासणीला आलं असतं तर रकान्यात बरोबरची खूण झाली असती. माझं मागणं लहान आहे. मराठी मसुदा छपाईला जाण्याआधी त्या त्या जिल्ह्यातल्या एका साध्या खातेदाराला वाचून दाखवा आणि त्याला काय समजलं ते त्याच्याच तोंडून ऐका. दहा मिनिटांचं काम आहे. पांगरीहून बार्शीच्या चार खेपांपेक्षा स्वस्त.

ते साहेब मे महिन्यात बदलून गेले. जाताना टपरीवर येऊन चहा घेतला. गेल्या सोमवारी वैरागचा एक माणूस त्याच शाखेचं पत्र घेऊन आला. तीच ओळ, तीच आपत्ती, तेच १५ दिवस. पेनाची रेघ कुठे नव्हती. पत्रावरच्या तारखेला बारा दिवस झाले होते. त्याचा अर्ज आधी लिहिला, आणि मग हे पत्र लिहायला बसलो.

आपला,
एक अर्जलेखक, बार्शी (जि. सोलापूर)