चि. अश्विनीस, हातमोज्याबद्दल

कोल्हापूर, बुधवार

चि. अश्विनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू सहज बोलून गेलीस, "लॅबमध्ये कव्हरस्लिपची काच फुटली, हातमोजा जरा फाटला, बाकी काही नाही." त्यावर मी बोललो, तू बोललीस, मग आईनं फोन काढून घेतला. फोनवर माझा आवाज चढतो म्हणून लिहितोय. हातमोज्याचा विषय एकदाच काढतो आणि सोडून देतो.

"तुम्ही कुठं हातमोजे घालत होता?" असं विचारलंस. नव्हतो घालत. हिवतापाच्या नोकरीत राधानगरीकडं धरणाच्या कामावरच्या पालांत हिंडायचो तेव्हा खांद्याच्या पिशवीत स्पिरिट, कापूस, सुई, काचपट्ट्या आणि क्लोरोक्विनच्या गोळ्या, एवढंच. तापकऱ्याच्या बोटातून थेंब काढायचा, काचेवर एक जाड थर, एक पातळ थर, नाव-गाव लिहायचं, पुढचं पाल. पण त्या रक्तात जंतू सापडायला लॅबवाल्याला सूक्ष्मदर्शकाखाली काच सरकवत बऱ्याचदा शंभर जागा बघाव्या लागायच्या. तुझ्या फ्लास्कात शंभरातल्या चार-पाच पेशींत फॅल्सिपेरम, मलेरियाचा सगळ्यांत घातक जंतू, मुद्दाम वाढवलेला. आणि तुझ्याकडचा तो वाण क्लोरोक्विनला दाद देत नाही, हे तूच सांगितलंस. म्हणजे माझ्या पिशवीतल्या गोळ्या तिथं कामाच्या नाहीत. लॅबमध्ये डास नसतो, कबूल. कातडीला चीर पडली तर डास हवाय कशाला?

मी कुणाला शिकवतोय! ज्याला मारत आमची हयात गेली, तो जंतू तू माणसाच्या रक्तात, ३७ अंशांवर जिवंत ठेवतेस. १९७६ पर्यंत हे सलग कुणाला जमलं नव्हतं म्हणालीस. परवा पेन्शनच्या कामाला बँकेत गेलो, तर शिपाई म्हणाला, "धाकटी काय करत्या आता?" म्हटलं, "मलेरियावर औषध शोधत्या." तू म्हणशील शोधत नाही, तपासते. बरं, तपासतेस. त्यानं चहा पाजला.

आज्जी मात्र अजून फुगून बसलीय. तिच्या पारिजातकाचा अर्क तुझ्या चाचणीत नापास झाला, हे दादानं तिला सांगायला नको होतं. "माझ्या काढ्यानं अख्खी गल्ली उठून बसली आणि हिच्या बाटलीत म्हणं नापास!" तिला म्हटलं, साधा हिवताप एकाआड एक दिवस येतो, मधल्या दिवशी माणूस ठणठणीत असतो. पालावर नेमकं त्या दिवशी गेलो की लोक म्हणायचे, "काढा घेतला, ताप पळाला, रक्त कशाला देऊ?" दुसऱ्या दिवशी तोच गडी दोन घोंगडी घेऊन कुडकुडत पडलेला. ताप उतरणं वेगळं, जंतू मरणं वेगळं. पण तिचं एकच, "पोरीनं उकळलाच नाही, मिथेनॉलात भिजवला." खरं तर मलेरियावरचं औषध शोधणाऱ्या चीनच्या तू यूयू नावाच्या बाईंना उलटा अनुभव आला होता. उकळलं की गुण जायचा. जुन्या ग्रंथात वनस्पती गार पाण्यात भिजवून पिळून घ्या असं लिहिलेलं, त्यावरून त्यांनी ईथर वापरून कमी उष्णतेवर अर्क काढला, आणि २०१५ ला नोबेल. हे आज्जीला सांगितलं नाही, ती लगेच खलबत्ता काढून बसेल.

पण त्याच बाईंनी १९७२ मध्ये तो अर्क रोग्यांना देण्याआधी स्वतः घेऊन पाहिला होता. ते वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. तू असलं काही करायचं नाही. एक थेंबसुद्धा जिभेला लावायचा नाही.

जंतू मेला म्हणून नाचायचं नाही, त्याच मात्रेला चांगली पेशी जगते का ते आधी बघायचं, हे तुझं बोलणं मला फार आवडलं. मी आईलाही दोनदा सांगितलं. पेशींची एवढी काळजी घेतेस, मग बोटाची का नाही? काच लागली का नाही, हे हातमोजा काढून उजेडात नीट बघितलंस का? गाईडना सांगितलंस का? रजिस्टरला नोंद केलीस का? पुढच्या दोन-तीन आठवड्यांत अंगात कणकण आली तर क्रोसिन घेऊन झोपायचं नाही. त्याच दिवशी स्लाइड काढायची, आणि डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगायचं की मी फॅल्सिपेरमवर काम करते. तो जंतू मेंदूत चढायला वेळ लावत नाही.

झालं, सुरू झालो. रागावू नकोस. तुला आठवतं का, सात-आठ वर्षांची असशील, माझी सुई घेऊन तू दादाच्या बोटातून रक्त काढलंस. तो बोंबलत परड्यात पळाला. तू ते रक्त वहीच्या पानावर माझ्यासारखंच गोल पसरलंस आणि शेजारी नाव, वय लिहिलंस, गावाच्या जागी "घर". मग मला विचारत होतीस, जेएसबी, म्हणजे जंतू दिसावा म्हणून काचेवर लावायचा आमचा रंग, कधी लावायचं. आता तुमच्याकडं त्यासाठी गिम्सा. ते पान मी बरेच दिवस सर्व्हिस बुकात ठेवलं होतं. त्या दिवशी आईनं तुला धपाटा घातला, मी हसत होतो. आज हसायला येत नाही.

तुला चाचणीसाठी हवी असलेल्या सातविणीच्या सालीचं बघतो. अभयारण्यातनं आणायची नाही, हे मला कळतं, खात्याची परवानगी लागते. आत्याच्या बांधावर मोठं झाड आहे, सध्या फुललंय. फुलांसकट एक फांदी दाबून वाळवून ठेवतो, म्हणजे झाड तेच आहे याचा पुरावा होईल. बुंध्याला हात लावत नाही, सगळीकडनं सोललं तर झाड जाईल, फांदीचीच साल काढतो. सावलीत वाळवायची ना? त्यासाठी आत्याशी बोलावं लागणार. बोलेन.

तुझा,
बाबा

ता. क. थर्मामीटर नवा घे. तुझ्याकडं आहे त्यावरचे आकडे पुसलेत.